बार उचलला की घशाशी येते

प्रश्न : मी 31 वर्षांची असून कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करते. गेली तीन वर्षे राजारामपुरीतील एका जिममध्ये पॉवरलिफ्टिंगचा सराव करते आहे. माझे वजन 63 किलो असून स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन मारायची बैठक) 90 आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे) 115 किलोपर्यंत जाते. गेल्या सहा महिन्यांपासून जड सेट सुरू झाले की छातीत जळजळते आणि स्क्वॉटमध्ये तिसऱ्या-चौथ्यांदा खाली बसले की आंबट पाणी थेट घशाशी येते. दोनदा तर बार तसाच रॅकवर ठेवून बाहेर धाव घ्यावी लागली. बँकेतून सुटल्यावर सहाच्या सुमारास काहीतरी खाते, कधी मिसळ तर कधी पोहे आणि चहा, आणि सातला जिममध्ये पोहोचते. जाण्याआधी पित्तावरची पँटोप्राझोलची गोळी घेते. ती चार महिने सुरू आहे, मात्र डॉक्टरांना विचारलेले नाही. गुडघा दुखत असल्याने आठवड्यातून दोन-तीनदा वेदनाशामक गोळीही होते. घरचे म्हणतात, हा व्यायाम बायकांना सोसणारा नाही, सोडून दे. खरेच सोडावा लागेल का?
— एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : सोडावा लागणार नाही. तुमच्या पत्रातील शेवटच्या दोन ओळी मला फार लागल्या, म्हणून त्यांचेच उत्तर आधी देते. घशाशी येण्याचा बाई असण्याशी काहीही संबंध नाही. हाच त्रास तालमीतल्या आणि जिममधल्या कितीतरी पुरुषांनाही होतो आणि त्यांना तो व्यायाम सोडायला कोणी सांगत नाही. तुम्हालाही सांगू नये.

आपल्याकडे या सगळ्याला सरसकट ‘पित्त’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. अंगावर गांध्या उठल्या तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त आणि छातीत जळजळले तरी पित्तच. यकृतात तयार होणारा पित्तरस ही निराळी गोष्ट आहे. तुमच्या घशाशी येते ते मुख्यतः जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल. जठराला ते सोसते, कारण त्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर असतो. अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. ‘पित्त वाढले’ असे म्हटले की आम्ल जास्त तयार होत असणार असे आपण गृहीत धरतो आणि ते कमी करणारी गोळी घेतो. पण तुमचे वर्णन वाचून मला वाटते की आम्ल बहुधा नेहमीइतकेच आहे. ते भलत्या जागी चढते आहे आणि चढते आहे ते दाबामुळे.

हा दाब नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची असते. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते, जे घास उतरताना सैल होते आणि एरवी आवळलेले राहते. या कड्याचा विश्रांतीच्या वेळचा दाब साधारणपणे 10 ते 30 मिलिमीटर पारा इतका असतो, तर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पोटातला दाब 5 ते 7 च्या आसपास असतो, त्यामुळे रोजच्या हालचालींना हे कडे सहज पुरते. तुम्ही मात्र श्वास रोखून, पोट घट्ट करून, खांद्यावर 90 किलो घेऊन खाली बसता तेव्हा पोटातला दाब कितीतरी पटींनी वाढतो. खूप जड वजन उचलणाऱ्यांमध्ये तो 200 मिलिमीटर पाऱ्याच्याही वर गेल्याचे मोजले गेले आहे.

मग वजन उचलणाऱ्या प्रत्येकाच्याच घशाशी का येत नाही? कारण त्या कड्याला दोन सोबती आहेत. अन्ननलिका ज्या फटीतून पोटात उतरते, तिथे श्वासपटलाचे (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचे) तंतू तिला चिमटीत धरतात आणि तुम्ही जोर लावला की तेही आवळतात, हा पहिला. दुसरे असे की, अन्ननलिकेचा शेवटचा दोनेक सेंटिमीटरचा भाग पोटातच असल्यामुळे जो दाब जठरावर पडतो तोच तिलाही बाहेरून मिटवून टाकतो. ही व्यवस्था मुख्यतः दोन प्रसंगी बिघडते. जठराचा वरचा भाग त्या फटीतून छातीत सरकलेला असेल, ज्याला हायाटस हर्निया म्हणतात, तर दोन्ही सोबती दुबळे पडतात. आणि जठर भरलेले असेल तर काही न गिळताही ते कडे मधूनमधून आपोआप सैल पडते, कारण ढेकर बाहेर सोडण्यासाठी शरीराने ती सोय करून ठेवलेली आहे. नेमक्या त्या क्षणी तुम्ही स्क्वॉटच्या तळाशी असाल आणि मांड्या पोटावर दाबल्या जात असतील, तर आतले पाणी वर येणारच.

म्हणून पहिला बदल संध्याकाळच्या खाण्यात करा. साध्या घट्ट जेवणाचा अर्धा भाग जठरातून पुढे सरकायला दोनेक तास लागतात आणि जठर जवळजवळ रिकामे व्हायला चार तास. तेल-तूप जितके जास्त तितका हा काळ लांबतो. सहाला खाल्लेली तर्रीदार मिसळ साडेसातच्या स्क्वॉटच्या वेळी बऱ्याच अंशी अजून जठरातच असते. शिवाय खाल्ल्यानंतर नव्याने स्रवलेले आम्ल अन्नात पुरते मिसळत नाही, त्याचा काही भाग अन्नाच्या वर, अगदी कड्याच्या तोंडाशी साचून राहतो. ‘पोटात काही असले म्हणजे पित्त होत नाही’ हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला उपाशी राहून जळजळणाऱ्यांना कदाचित उपयोगी पडेल, पण तासाभरात जड वजन उचलणाऱ्याला तो घातक ठरतो.

मिसळ सोडू नका. ती रविवारी सकाळी खा. सरावाच्या दिवशी दुपारचे जेवण पोटभर करा : भाकरी, उसळ, भात, दही, जे घरी असेल ते. संध्याकाळी बँकेतून निघण्याआधी, म्हणजे साडेपाचच्या आत, एखादे केळे किंवा दोन इडल्या एवढेच घ्या. चहाने सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही, म्हणून तो दोन आठवडे बंद करून पाहा आणि फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. व्यायामाआधी घ्यायच्या कॅफीनयुक्त पावडरी मात्र घेत असाल तर बंदच करा. पाणी घोटाघोटाने प्या. दोन सेटच्या मध्ये अर्धी बाटली रिकामी करण्याने जठर पुन्हा भरते. सोड्याची पुडी पाण्यात ढवळून पिण्याची सवय जिममध्ये पुष्कळांना असते. तिच्यातून कर्बवायू सुटतो, जठर फुगते, ढेकर येतो आणि त्या ढेकरासोबत कडेही उघडते. सरावाच्या आधी ती घेणे म्हणजे जे टाळायचे तेच ओढवून घेणे आहे.

वजन उचलताना कमरेला बांधायच्या पट्ट्याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण 115 किलोंची डेडलिफ्ट करणारी व्यक्ती तो बांधत असणार असे धरून चालते. पट्टा कण्याला आधार देतो तो पोटातला दाब वाढवूनच. पोटाच्या भिंतीला बाहेर ढकलायला काहीतरी टणक मिळावे, एवढेच त्याचे काम आहे. पोट आवळून टाकणे हे नव्हे. तो एक भोक सैल करा. पूर्ण श्वास घेतल्यावर पोट पट्ट्याला सर्व बाजूंनी टेकले पाहिजे आणि श्वास सोडल्यावर आत बोटे सरकली पाहिजेत. फक्त सर्वांत जड सेटना तो बांधा आणि सेट संपताक्षणी सोडा. पट्टा आवळलेला ठेवूनच दोन सेटच्या मध्ये बाकावर वाकून बसणारे मी कितीतरी पाहते, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांत तेच अधिक असतात.

श्वासाचा भाग जास्त सावकाश शिकावा लागतो. जड उचल करण्यापूर्वी पुष्कळजण तोंडाने हवा गपकन ओढतात आणि त्यातली थोडी हवा फुप्फुसात न जाता गिळली जाते. ती जठरात साठते आणि पाचव्या-सहाव्या सेटपर्यंत पोट तंबूसारखे ताणते. नाकाने किंवा किंचित उघड्या तोंडाने, खालच्या बरगड्या बाजूंना फुगतील असा श्वास घ्या, आणि तो घेताना गिळण्याची क्रिया होत नाही ना याकडे लक्ष द्या. मध्यम वजनांना श्वास पूर्ण रोखण्याची गरज नसते. उठताना सर्वांत कठीण टप्पा ओलांडला की तो हळूहळू सोडा. सर्वांत जड एक-दोन उचलींना श्वास रोखावा लागेल, कारण तिथे कण्याची सुरक्षितता पहिली. मात्र प्रत्येक उचलीनंतर वर उभे राहून नवा श्वास घ्या, एकाच श्वासात चार उचली करू नका. घरी रोज दहा-पंधरा मिनिटे पोटाने श्वास घेण्याचा सराव करा. छोट्या अभ्यासांमध्ये अशा सरावाने घशाशी येण्याचे प्रमाण कमी झालेले दिसले आहे, आणि त्यामागचे कारण वर सांगितलेल्या श्वासपटलाच्या चिमटीतच आहे.

व्यायामांचा क्रमही बदलून पाहा. ज्यात पोट दुमडते किंवा छाती पोटाच्या पातळीवर अथवा खाली येते, असे व्यायाम जास्त त्रास देतात : लेग प्रेस, वाकून केलेले रोइंग, उताराच्या बाकावरचा बेंच प्रेस. काही आठवडे सपाट बाकाऐवजी डोक्याकडून उंच असलेला बाक वापरा आणि लेग प्रेसऐवजी एक पाय पुढे घेऊन करायचे स्क्वॉट करा. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट एकाच संध्याकाळी करत असाल तर ते वेगवेगळ्या दिवशी ठेवा. एका वेळी आठ-दहा उचलींचे लांब सेट करण्याऐवजी तीन-तीन उचलींचे जास्त सेट केले तर तेवढेच काम होते आणि प्रत्येक वेळी दाब थोडाच वेळ टिकतो. माझा अनुभव असा आहे की, खाण्याची वेळ, पट्टा आणि श्वास एवढे सुधारले तरी बहुतेकांना बारवरचे वजन कमी करावे लागत नाही.

आता गोळी. पँटोप्राझोल आम्ल तयार करणारे पंप बंद करते, पण जे पंप जेवणाने चालू होतात तेच ती बंद करू शकते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, बहुधा सकाळच्या न्याहारीपूर्वी घ्यायची असते आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. खाऊन झाल्यावर, जिमला निघताना घेतलेल्या गोळीचा त्या संध्याकाळी फारसा उपयोग होत नाही. आणि योग्य वेळी घेतली तरी ती फक्त पाण्याचा आंबटपणा कमी करते, पाणी वर येणे थांबवत नाही. तुमच्या घशाशी येतच राहिले, त्याचे कारण हे आहे. तात्पुरत्या आरामासाठी अल्जिनेट असलेले द्रव औषध अधिक योग्य असते, कारण ते जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरते आणि कड्याच्या तोंडाशी साचलेल्या आम्लाला मागे सारते. चार महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळते आणि जळजळ वाढल्यासारखी वाटते, म्हणून ती कशी कमी करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गोळीपेक्षा मला तुमच्या वेदनाशामकांची अधिक काळजी वाटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे जठराच्या त्याच संरक्षक थराला दुबळा करतात आणि त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. गुडघा दुखणे आणि गोळी घेऊन त्याच गुडघ्यावर 90 किलो घालणे हे चक्र तोडा. गुडघा अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सहा महिन्यांचा त्रास आणि चार महिन्यांची गोळी एवढ्यावरूनच तुम्ही पोटविकारतज्ज्ञाकडे एकदा जायला हवे. दुर्बिणीतून तपासणी करायची का, हे ते ठरवतील. अन्ननलिकेला सूज आहे का आणि हर्निया आहे का, ते त्यात दिसते. घास अडकणे, गिळताना दुखणे, काळी शौचास होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे, प्रयत्न न करता वजन उतरणे, यांपैकी एक जरी असेल तर तपासणी लांबवू नका. रात्रीही जळजळत असेल तर सराव आटोपून घरी आल्यावर जेवण हलके ठेवा, जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरची उंची द्या आणि डाव्या कुशीवर झोपा. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते आणि पोट दुमडते, त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : माझे वय 47. लक्ष्मीपुरीत दुकान आहे. मधुमेहासाठी गोळ्या चालू आहेत. वर्षभरापूर्वी जिम सुरू केली. डेडलिफ्ट करताना छातीच्या मधोमध जळजळते, थांबलो की पाच मिनिटांत कमी होते. गेल्या महिन्यात जोतिबाला पायी चढतानाही तसेच झाले. पित्ताचे औषध घेतल्यावर बरे वाटते. वजन उचलताना पित्त होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : या तक्रारीला पित्त म्हणू नका. जी जळजळ श्रमाने येते, थांबल्यावर काही मिनिटांत जाते आणि वजनाशी काहीही संबंध नसलेल्या चढावरही उमटते, ती हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण आहे असे मानूनच तपासणी करावी लागते. आम्ल घशाशी येण्याचा त्रास वाकल्यावर, आडवे झाल्यावर, भरल्या पोटी होतो आणि त्यात आंबट पाणी किंवा करपट ढेकर असतो. तुम्ही त्यातले काहीच लिहिलेले नाही. औषधाने बरे वाटले हा पुरावा धरू नका, कारण औषध घेईपर्यंत तुम्ही थांबलेले असता आणि वेदना थांबण्यानेच गेलेली असते. मधुमेहात हृदयाची वेदना पुष्कळदा नेहमीसारखी चमकत नाही, ती जळजळ किंवा नुसती धाप म्हणूनच जाणवते.

हृदयरोगतज्ज्ञाला भेटेपर्यंत जिम पूर्ण बंद ठेवा, आणि ही भेट याच आठवड्यात घ्या. विश्रांतीत काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून घरी परतू नका. श्रमाच्या वेळची स्थिती त्यात दिसेलच असे नाही, पुढच्या चाचण्या डॉक्टर ठरवतील. बसल्या जागी जळजळ सुरू झाली, घाम फुटला, ती हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली किंवा दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, तर दुचाकीवर बसून दवाखाना गाठण्याचा विचार करू नका, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तुमच्या घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा असून कोल्हापुरातल्या एका तालमीत राहून कुस्ती शिकतो. हल्ली बैठका मारताना आणि लढतीत खाली सापडला की घशाशी येते म्हणतो. पहाटे मेहनत झाली की बदामाची थंडाई आणि तूप, दुपारी मटणाचे जेवण करून झोप, चारला उठून एक तांब्या दूध आणि लगेच पुन्हा आखाडा, असा दिवस असतो. वस्ताद म्हणतात, खुराक कमी केला तर ताकद उतरेल. मी काय सांगावे?
— एक आई, करवीर तालुका

उत्तर : ताई, वस्तादांचे म्हणणे चुकीचे नाही. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली कुस्तीसाठी खासबागेचे मैदान उभे केले, तिथे खुराकामागे पिढ्यांचा अनुभव आहे, आणि वाढत्या वयाच्या, दिवसातून दोनदा मेहनत करणाऱ्या मुलाला तेवढे अन्न लागतेच. खुराक कमी करायचा नाही. तो दिवसात वेगळा मांडायचा आहे.

मुख्य अडचण चारच्या दुधात आहे. तांब्याभर म्हशीचे दूध म्हणजे पुष्कळ स्निग्धांश, आणि ते पोटात असतानाच मुलगा मातीत उतरतो, वाकतो, डोके आणि पाय टेकवून पूल करतो आणि जोडीदाराचे सगळे वजन पोटावर घेतो. दूध पिताच क्षणभर थंड वाटते, म्हणून ते पित्तावरचे औषध समजले जाते. पण थोड्या वेळाने त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे जठर आणखी आम्ल सोडते. हे दूध आखाड्यातून आल्यावर, अंग निवल्यानंतर द्यावे. दूधकट्ट्यावरचे धारोष्ण, म्हणजे नुकतेच काढलेले कच्चे दूध असेल तर ते उकळूनच द्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा दीर्घकाळ ताप देणारा आजार होऊ शकतो. पहाटेची थंडाई मेहनतीनंतर घेतली जाते हे उत्तम आहे, ती तशीच राहू द्या. दुपारचे जेवण बारापर्यंत आटोपावे, मटण ठेवावे पण रश्श्यावरचा तवंग काढावा, आणि जेवल्या जेवल्या आडवे होऊ नये. तासभर बसून मग डाव्या कुशीवर झोपावे. तूप एकाच वेळी वाटीभर घेण्याऐवजी दोन-तीन जेवणांत विभागावे. संध्याकाळच्या मेहनतीपूर्वी भूक लागली तर दीड तास आधी केळी किंवा थोडे भिजवलेले हरभरे एवढे पुरे.

महिनाभर असे करूनही त्रास राहिला तर मुलाला डॉक्टरांकडे न्या. मित्राकडून घेतलेल्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या या वयात परस्पर सुरू करू देऊ नका. भाकरीचा किंवा मटणाचा घास छातीत अडकतो का, खाली उतरवायला पाणी प्यावे लागते का, हे मात्र त्याला आजच विचारा, कारण तालमीतली मुले हे आपण होऊन सांगत नाहीत. तो ‘हो’ म्हणाला तर महिनाभर वाट न पाहता त्याला याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.